जरा हळू

बारशाला आलेल्या पाहुण्यानं आधी पाळण्यात बघावं, अशी रीत आहे. त्या दिवशी सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या त्या घरात मात्र जो येई तो आधी खिडकीकडे बघे, कारण हणमंतानं आपल्या बारा दिवसांच्या नातीचा एक्स-रे चिकटपट्टीनं खिडकीच्या काचेला लावून ठेवला होता. मागून ऊन आलं की बाळाच्या बरगड्या माशाच्या काट्यासारख्या दिसत. मानेखाली डावीकडे एक बारीक हाड मधोमध मोडून वरखाली झालं होतं, आणि एखाद्या पाहुण्याला ते दिसायचं राहून जाऊ नये म्हणून हणमंत शेजारी लाकडी पट्टी घेऊन उभा होता.

कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर असलेल्या माणसाला हाडातलं काय कळतं, असं विचारायची सोय नव्हती. "ह्ये बगा, हितं," तो पट्टी टेकवून सांगत होता. "ह्येला म्हनायचं गळ्याचं हाड. ह्ये आपसूक मोडत न्हाय. ह्येला वढावं लागतंय."

"वढलंच असनार की," येडूमामा म्हणाला. हा सुनेचा, म्हणजे संघप्रियाचा मामा. नातेपुत्याहून स्वतःची जीप आणि जीपमध्ये मावतील त्याहून चार जास्त माणसं घेऊन तो आला होता. बाळाचं नाव काय ठेवणार याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. उंबऱ्यात चप्पल काढतानाच त्यानं विचारलं होतं, की कुणाला धरायचंय.

खरं तर या दोन घरांत दोन वर्षं धड बोलणं नव्हतं. यशपाल-संघप्रियाच्या लग्नात नातेपुत्याच्या मंडळींना दुसऱ्या पंगतीला बसवलं आणि त्यांच्यापर्यंत बुंदी पोचली नाही, तेव्हापासून ती बुंदी दोन्ही घरांच्या घशात अडकलेली होती. मध्यस्थ थकले, वर्ष-दोन वर्षं गेली, पण काही जुळेना. आणि आता एका मोडलेल्या हाडानं चुटकीसरशी सगळ्यांची मनं जुळवली होती. येडूमामा हणमंताला 'पावनं' म्हणत होता, हणमंत त्याला आग्रहानं दुसरा चहा देत होता.

हे सगळं हणमंताची आई चांगुणा आतल्या खोलीच्या दारातून बघत होती. पणती तिच्या मांडीवर झोपली होती.

परवा संघप्रियाच्या आईला, द्वारकाबाईला, झबलं घालताना बाळाच्या डाव्या खांद्याशी वाटाण्याएवढी गाठ लागली. लहान मुलांच्या डॉक्टरकडे नेलं, एक्स-रे निघाला. डॉक्टर म्हणाला, हाड मोडलं होतं, आता जुळत आलंय, ही गाठ जुळण्याचीच आहे, अजून आठ-दहा दिवस सांभाळा. यातलं 'जुळत आलंय' तिथंच दवाखान्यात राहिलं आणि 'मोडलं होतं' तेवढं घेऊन मंडळी घरी आली. कधी मोडलं, हे डॉक्टरला कुणी विचारलंच नाही. ते सगळ्यांना आधीच माहीत होतं. बाळंतपण केलेल्या डॉक्टरीणबाईनं ओढून मोडलं.

चांगुणालाही माहीत होतं. फक्त तिचं उत्तर वेगळं होतं.

चांगुणानं एकतीस वर्षं दवाखान्याच्या बाळंतिणींच्या वॉर्डात आया म्हणून काढली होती. तिच्या हातावर जन्मलेली माणसं आता टक्कल पडलेली आहेत, त्यातले दोघे तर पुढारी झाले, त्याला तिचा इलाज नव्हता. रिटायर झाल्यावर गल्लीतलं प्रत्येक बाळ तिच्याच पायावर न्हालं. शेजारच्या कमरुन्निसाची तीन नातवंडं तिनंच न्हाऊ घालून मोठी केली. बाळाला कसं धरावं, कसं मळावं, टाळू किती भरावी, यात तिचा शब्द शेवटचा होता. दुसरा शब्द ऐकायची तिला सवयच नव्हती.

संघप्रियाला दिवस असताना साखर निघाली, म्हणून बाळंतपण माहेरी न करता इथंच सोलापुरात केलं. पोर चार किलोवर भरली. तिसऱ्या दिवशी घरी आणली तेव्हा झबल्याची डावी बाही पोटाशी पिनेनं अडकवलेली होती. "कोन शानी पिना लावती एवड्याशा लेकराला," असं म्हणत चांगुणानं ती काढली आणि आपल्या बांगडीत अडकवून ठेवली. नवरा गेला तेव्हा भावकीतल्या बायका बांगड्या फोडायला आल्या होत्या, त्यांना तिनं धम्मात असलं काही नसतं असं सांगून उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतं. त्यामुळे पिना ठेवायला तिच्याकडे बांगड्या होत्या.

मग तिनं न्हाणीत पाटावर बसून पाय लांब केले, बाळ पायावर घेतलं, तेल कोमट केलं. तेव्हा यशपाल दाराशी येऊन उभा राहिला. चांगुणाचा एकुलता एक नातू, बाळाचा बाप, वीज मंडळात कारकून. बराच वेळ चुळबुळ करून तो म्हणाला, "आजी, जरा हळू."

चांगुणानं वरसुद्धा बघितलं नाही. "तू मला सांगतुयास? तुज्या बापाला ह्याच पायावर न्हाऊ घातलंय म्या. तुजी टाळू बी म्याच भरली. ती कुटं तरी कमी पडली म्हनायची."

सगळं घर हसलं. दोन दिवस त्या पोराला सोसणं अवघड झालं. कुणी चहा ओतायला घेतला तरी दुसरा म्हणे, जरा हळू. यशपाल बिचारा ऑफिसात लवकर जायला लागला.

आणि त्याच न्हाणीत, ते हसणं अजून संपलेलं नसताना, चांगुणानं बाळाचा डावा हात वर ओढून खांद्यावरून अंगठा फिरवला. सुकी शेंग दाबल्यासारखं अंगठ्याखाली काहीतरी कुरकुरलं. पोरीनं असा टाहो फोडला की बाहेरून द्वारकाबाईनं विचारलं, काय झालं. "रडू दे की, छाती मोकळी व्हती," चांगुणा म्हणाली. एवढं बोलली आणि तिनं अंगठा उचलला. आंघोळ संपवून बाळ गुंडाळून देताना तिनं पाहिलं, उजवा हात हलत होता, डावा तसाच पडून होता.

त्या दिवसापासून ती डाव्या बाजूला नुसतं बोट फिरवायची आणि कुणालाच काही बोलायची नाही. एकतीस वर्षांत कधी कुणाचं लेकरू हातून दुखावलं नाही, आणि आपल्याच घरचं हाड मोडलं, हे तिला कबूल करवेना. न्हाऊ घालणं सोडलं असतं तर कारण विचारलं असतं, म्हणून तेही सोडता येईना. रोज सकाळी ती त्या पोरीच्या तोंडाकडे बघे आणि तिला तिची माफी मागावीशी वाटे. पण बारा दिवसांच्या पोरीकडे मागितलेली माफी कुणाला ऐकू जाणार, आणि मोठ्यांकडे मागायची तर तिची जीभ उचलत नव्हती.

"हे झालं निवेदन," बाहेर हणमंत खिशातून दोन कागद काढत म्हणाला. तो युनियनचा सेक्रेटरी होता. आयुष्यात त्यानं शे-दीडशे निवेदनं दिली होती आणि त्यातल्या एकाला उत्तर आलं होतं. "जेवनं झाली की चार वाजता समदे निगू. डॉक्टरीनबाई तवा दवाखान्यात असत्यात. जाब इचारायचा."

"निवेदन तुमी द्या, पावनं," येडूमामा म्हणाला. "काचांचं आमी बगतो."

जीपमधून आलेली माणसं मान डोलावून चहा प्यायली. भिंतीला टेकून बसलेली संघप्रिया हळूच म्हणाली, "बाबा, डॉक्टर चांगल्या होत्या. त्यांनी खूप प्रयत्न केले."

"तुला काय कळतंय त्यातलं?" हणमंत म्हणाला. "तुला तवा सुद तरी हुती का?"

बरोबरच आहे. बाळंतपणातलं बाळंतिणीला काय कळणार? ते खिडकीशी उभ्या असलेल्या पुरुषांना विचारावं. संघप्रिया शाळेत चाळीस पोरांना गप्प बसवते, पण इथं स्वतःच गप्प बसली. यशपाल मोरीत हात धूत होता. ते बराच वेळ धुतले जात होते.

द्वारकाबाई चांगुणाजवळ येऊन टेकली आणि बाळाच्या कुंचीची नाडी सारखी करत म्हणाली, "आत्याबाई, तुमचा हात म्हनून लेकरू सावरलं. त्या बाईनं तर मारलंच हुतं. तुमच्यावानी हात समद्या जिल्ह्यात न्हाय."

चांगुणानं पोरीवरचं पांघरूण सारखं केलं. इतकी वर्षं हे कौतुक तिला पुरत नसे. आज ते तिला ऐकवत नव्हतं.

त्रिसरण-पंचशील झालं, फुलं वाहून झाली, घुगऱ्यांचं पातेलं बाहेर आलं. पाळणा कमरुन्निसाच्या घरचा होता, गल्लीतल्या प्रत्येक बारशाला तो फिरत असे. गाणी कधीच बदलली होती, पाळण्याच्या वरून-खालून बाळ देताना बायका देवांऐवजी 'कुणी गौतमी घ्या, कुणी यशोधरा घ्या' म्हणत. पण बाळ द्यायची रीत तीच राहिली होती. पाळण्याच्या एका बाजूची बाई बाळ वरून देणार, दुसरीनं ते झेलल्यासारखं घ्यायचं आणि खालून परत द्यायचं, असं पाच वेळा.

यशपालची बहीण उत्पला, बाळाची आत्या, पुण्याहून त्यासाठीच आली होती. तिनं बाळाला दोन्ही काखांत हात घालून उचललं. पोरीचा डावा खांदा वर गेला आणि तिच्या ओठांचा चंबू झाला. पलीकडून कमरुन्निसा हात पसरून उभी होती.

"थांबा," चांगुणा म्हणाली.

"काय झालं, आजी?"

"वरनं-खालनं न्हाय करायचं. लेकरू दे हिकडं."

"अगं, रीत हाय की."

"रीत म्याच शिकिवली तुला. दे." तिनं बाळ घेतलं, मानेखाली आणि कुल्ल्याखाली हात घालून, छातीशी धरलं. मग ती पाळण्याच्या खांबाला टेकली. "आन हणमंता, त्यो कागद फाड. कुनी कुटं जायचं न्हाय. त्या बाईनं काय केलं न्हाय. हाड म्या मोडलं."

घुगऱ्या चावणाराही थांबला.

"तिसऱ्या दिशी, न्हाऊ घालताना. अंगठ्याखाली मोडलेलं कळलं मला. कळलं, आन गप बसले." तिनं पोरीकडे बघितलं. "लाज वाटली. एवडंच."

पहिली हालचाल द्वारकाबाईची झाली. "मला तवाच वाटलं हुतं," ती म्हणाली. "लेकरू केवड्यानं वरडलं हुतं. म्हातारीच्या हाताला लई जोर हाय, मी म्हनलं बी हुतं." सगळ्या जिल्ह्यात नसलेला तो हात अर्ध्या तासात असा बदनाम झाला. कमरुन्निसा आपल्या तीन नातवंडांचे खांदे मनातल्या मनात तपासत असावी.

"आये, आत चल," हणमंत दबक्या आवाजात म्हणाला. "चारचौगांत काय बोलाय लागलीस." पट्टी अजून त्याच्या हातातच होती.

"मग जीपचं काय?" येडूमामानं विचारलं. एवढी माणसं आणली आणि आता तोडफोडीला कुणी उरलं नाही, याचं त्याला मनापासून वाईट वाटत होतं.

"जीप कामाला यील की," द्वारकाबाई उठून म्हणाली. "उद्याच लेकीला आन नातीला नातेपुत्याला घिऊन जातो. लग्नात आमाला दुसऱ्या पंगतीला बशिवलं, ते सोसलं. लेकराची हाडं मोडलेली न्हाय सोसनार."

बुंदी परत आली होती. दोन्ही घरं आपापल्या भिंतीला सरकली आणि मध्ये पाळण्यापाशी चांगुणा पोरीला धरून उभी राहिली. उद्या पोर जाणार, हे तिला समजलं. अडवायचा हक्क आपल्याला उरला नाही, हेही समजलं. तिनं कुंचीवरून पोरीच्या डोक्याला ओठ लावले.

"आजीनं न्हाय मोडलं," यशपाल म्हणाला.

तो मोरीच्या दाराशी उभा होता. हात अजून ओले होते. सगळ्यांनी माना वळवल्यावर त्याला पळून जावंसं वाटलं असावं, पण दारात येडूमामाची माणसं बसली होती.

"जन्मतानाच मोडलं. डोकं आलं आन खांदा अडकला. पोरगी लई वजनाची. डॉक्टरीनबाई सोता भाईर आल्या. म्हनल्या, खांदा सोडवताना गळ्याचं हाड मोडलं. अजून दोन मिन्टं गेली असती तर पोरगी हाती लागली नसती. हाड जुळतंय, म्हनल्या, गेलेला जीव जुळत न्हाय. बाही त्यांनीच पिनंनं अडकवली. तीन आठवडं हात वर वढू नका, खांदा चोळू नका, घरात समद्यांना सांगा, असं म्हनल्या."

"मग?" संघप्रिया भिंतीला धरून उठली. "सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. आजीला."

"काय सांगितलंत?"

यशपालनं मान खाली घातली. "जरा हळू."

या वेळी कुणी हसलं नाही.

"आणि मला? मी पिनेचं विचारलं तर म्हणालात, दवाखान्यातली रीतच आहे."

"तुला सांगितलं असतं तर तू आजीसंगं भांडली असतीस. टाके हुते तुला."

"परवा एक्स-रे निघाला तेव्हा? बाबांनी निवेदन लिहिलं तेव्हा? मामा काचा फोडायला निघाले तेव्हा?"

"तवा सांगितलं असतं तर म्हनली असतीस, पयल्या दिशी का न्हाय सांगितलंत." तो आजीकडे बघत नव्हता. "हितं आजीला कोन सांगनार, लेकराला कसं धरायचं म्हनून? बाबा सांगतील? तुमी कुनी सांगाल?"

हणमंतानं निवेदनाची घडी केली, तिची आणखी एक घडी केली आणि खिशात ठेवली. फाडलं मात्र नाही. तारीख बदलून कुठंतरी चालेल, अशी त्याला सवय होती. येडूमामा म्हणाला, "म्हंजे त्या बाईनं वाचिवलं म्हना की," आणि इतका वेळ चहाचा रिकामा कप हातात धरलाय, हे आत्ता कळल्यासारखं त्यानं तो खाली ठेवला.

चांगुणा पाळण्याशेजारी खाली बसली. हाड तिनं मोडलं नव्हतं. नऊ दिवस उरावर बसलेला धोंडा खाली उतरला, आणि तिथं दुसराच येऊन बसला. त्या वॉर्डात तिनं असे अडकलेले खांदे पाहिले होते. अशा अडकवलेल्या बाह्याही पाहिल्या होत्या. परक्याच्या बाळाच्या झबल्याला पिन दिसली असती तर तिनं आधी विचारलं असतं, का लावलीय? आपल्या घरी मात्र तिनं काढून बांगडीत अडकवली आणि मोडल्या हाडावरून अंगठा फिरवला. पोरगी ओरडून सांगत होती, आणि ती म्हणत होती छाती मोकळी होते. समोर उभा असलेला बाप घाबरत घाबरत दोन शब्द बोलला, तर तिनं त्याला हसण्यावारी नेलं. घरातले सगळे आपला शब्द खाली पडू देत नाहीत, याचा तिला केवढा अभिमान होता. तिला तो मान वाटायचा. ती नुसती भीती होती, आणि तिची किंमत या चिमुरडीनं खांद्यावर सोसली, हे समजून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती रडायला लागली, तोंडाला पदर न लावता, सगळ्यांच्या देखत. हणमंतानं आईला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. त्यानं खिडकीकडे जाऊन एक्स-रे काचेवरून उतरवला.

संघप्रिया हळूहळू येऊन तिच्या समोर बसली. द्वारकाबाई म्हणाली, "सामान भरू का गं?"

"नको, आई."

"अगं पर..."

"नको म्हटलं ना." तो शाळेतला आवाज होता. द्वारकाबाई बसली, आणि सवयीनं येडूमामाही बसला. "आजी, उद्यापासून न्हाऊ तुम्हीच घालायचं," संघप्रिया म्हणाली. "पण मी शेजारी बसणार. आणि मी थांबा म्हटलं की थांबायचं."

सगळं घर चांगुणाच्या तोंडाकडे बघत होतं. एवढ्या वर्षांत असं बोललेला माणूस त्या घरात दुसऱ्यांदा बोललेला नव्हता.

चांगुणानं डोळे पुसले. बांगड्या मागे सारल्या आणि त्यांतली ती पिन काढली. बाळाला मांडीवर उताणं ठेवलं. "बाही कुटं अडकिवली हुती त्यांनी?" तिनं विचारलं. "मला आठवंना. दाव."

संघप्रियानं झबल्यावर, पोटाच्या जरा वर, बोट टेकवलं. चांगुणानं डावा हात कोपरात वाकवून तिथं आणला. पोरगी कुरकुरली. म्हातारी पिन रेटत होती, टोक कापडात शिरेना. मागून, बराच वेळ चुळबुळ करून, यशपाल म्हणाला, "आजी, जरा हळू."

घुगऱ्यांच्या पातेल्यापाशी बसलेल्या बायकांनीही माना वळवल्या.

"व्हय," चांगुणा म्हणाली, आणि तिनं हात हळू केला.